गोमंतकातील व फिलिपाईन्समधील पाद्री आणि लोकभाषा

आपल्या रोजच्या बोलण्यात पोर्तुगीज भाषेतून आलेले शब्द किती आहेत, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. पगार, चावी, पाव, बटाटा, घमेले, परात, लिलाव, तुरुंग, बिजागरी हे सारे शब्द पोर्तुगीज गलबतांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि घाटवाटा चढून बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या आपल्या मुलखात येऊन स्थिरावले. 'पाद्री' हा शब्द त्यांतलाच. मूळ पोर्तुगीज शब्द 'पाद्रे' असा आहे व त्याचा अर्थ 'पिता' असा होतो. स्पॅनिश भाषेतही हाच शब्द याच अर्थाने चालतो. त्यामुळे हजारो मैलांवरील फिलिपाईन्स बेटांतील लोकही आपल्या धर्मगुरूस हाच शब्द वापरीत आले आहेत. एकाच शतकात, एकाच धर्माचे, आणि काही काळ तर एकाच राजाच्या छत्राखालील हे पाद्री दोन निरनिराळ्या समाजांत गेले. तेथे त्यांनी काय केले, लोकांची भाषा त्यांनी कशी हाताळली आणि त्या लोकांनी पुढे त्यांना काय उत्तर दिले, हे पाहिले असता आपल्या शेजारच्या गोमंतकाचा इतिहासही अधिक स्पष्ट दिसू लागतो.

फिलिपाईन्स हा आशियाच्या पूर्व टोकाचा सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. १५२१ साली मॅगेलन हा दर्यावर्दी स्पेनच्या राजासाठी तेथे पोचला. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी तेथे पहिली ख्रिस्ती उपासना झाली आणि पुढील महिन्यातच मॅगेलन स्थानिक लोकांशी झालेल्या लढाईत मारला गेला. कायमची वसाहत झाली ती १५६५ साली, लेगास्पी या सेनानीच्या स्वारीत. त्याच्याबरोबर ऑगस्टिनियन पंथाचे पाद्री होते. त्यांच्यामागून १५७८ मध्ये फ्रान्सिस्कन, १५८१ मध्ये येशूसंघाचे म्हणजे जेझुइट, आणि १५८७ मध्ये डोमिनिकन पाद्री आले. बेटे त्यांनी आपसांत वाटून घेतली. एकेका पंथाकडे एकेक प्रांत व त्याची एकेक भाषा आली. सैन्य थोडे, अधिकारी त्याहून थोडे, आणि गावोगाव राहणारा स्पॅनिश मनुष्य म्हणजे पाद्रीच. म्हणून स्पेनचे राज्य तेथे तलवारीने जिंकले गेले असले, तरी साडेतीन शतके टिकले ते पाद्र्यांच्या बळावर, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

विद्यार्थी मित्रांना वाटेल, की या दूरच्या बेटांशी आपल्या मराठी मुलखाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो वसईचा आहे. १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेलेल्या वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा जन्मला. त्याचा बाप पोर्तुगीज व आई तेथलीच. वसईच्या जेझुइटांपाशी तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने इतकी आत्मसात केली, की धर्मशिक्षणाच्या कामात पाद्र्यांचे त्याच्यावाचून अडू लागले. तथापि, येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा काही पुरी झाली नाही. तो व्यापारात शिरला, त्यात त्याने पैसाही मिळविला, आणि मग सर्व सोडून मनिलास जाऊन तो फ्रान्सिस्कन पंथात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील धाडला, तेव्हा दुभाषी म्हणून वसईचा हा गोन्सालोच बरोबर गेला. पुढे हिदेयोशीचे मन फिरले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांस क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली रोमने त्यास संतपद दिले. कॅथलिक पंथात भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. त्याची सारी कमाई भाषेची होती, ही गोष्ट मला त्याच्या मरणाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

आता गोमंतकाकडे वळू. १५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडीचे बेट घेतले आणि १५४३ साली आदिलशहाकडून सासष्टी व बारदेश हे दोन प्रांत त्यांस मिळाले. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे आणि सासष्टी जेझुइटांकडे सोपविण्यात आली. या प्रांतांत धर्मप्रसार कोणत्या मार्गाने झाला, हे आपल्या भागातील अनेक घराण्यांना पुस्तकांवाचून ठाऊक आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झाले आणि ते मधल्या थोड्या वर्षांचा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील शेकडो देवळे पाडण्यात आली. लोकांनी आपले देव रातोरात नदीपलीकडे, आदिलशाही अमलातील अंत्रूज महालात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते अशा रीतीने आजच्या फोंडा तालुक्यात आली. बेळगाव-निपाणीकडून जे कुलाचारासाठी दरसाल मंगेशीस व कवळ्यास जातात, त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येक याच काळात घाट चढून वर आले आहेत. देवांबरोबर पोथ्याही गेल्या. ज्या मागे राहिल्या, त्या बाळगणे हा गुन्हा ठरला. काही पोथ्यांवरून मात्र पाद्र्यांनी रोमी अक्षरांत नकला करविल्या होत्या. रामायण-महाभारतातील कथांच्या अशा सोळाव्या शतकातील वह्या आजही पोर्तुगालातील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. ज्याचा नायनाट करावयाचा, त्याचा अभ्यासही करावयाचा, असा हा विलक्षण प्रकार होता.

अशा या सासष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री आला. इंग्लंडातील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात १५४९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. त्या वेळी इंग्लंडात कॅथलिक असणे धोक्याचे होते. रोमला जाऊन १५७५ साली तो येशूसंघात शिरला, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजावर चढला आणि आफ्रिकेस वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. प्रवासाची हकीकत त्याने थोड्याच दिवसांत लंडनला बापास लिहून कळविली. ते पत्र इंग्लंडात छापले गेले आणि पूर्वेकडे व्यापारास निघू पाहणाऱ्या इंग्रजांनी ते आवडीने वाचले. त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, तो गोव्यातच व बहुतांशी सासष्टीतच राहिला. मायदेशी तो परत गेला नाही.

त्याच्या वास्तव्याच्या चौथ्याच वर्षी कुंकळ्ळीचा प्रसंग घडला. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहावयास गेलेल्या पाच जेझुइटांस गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांतील रुडॉल्फ आक्वाविवा हा नुकताच अकबर बादशहाच्या दरबारातून परतला होता. मृतांची प्रेते मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी स्टीफन्स होता. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. एका बाजूस रोमने या पाच पाद्र्यांस हुतात्मे मानले. दुसऱ्या बाजूस आपला गाव व आपली देवळे राखण्यासाठी उठलेल्या गावकरांचे स्मारक आज कुंकळ्ळीस उभे आहे. दोन्ही स्मृती एकाच गावच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

त्याच वर्षअखेर आणखी एक घटना घडली, तिचा धागा थेट बेळगावास येऊन पोचतो. राल्फ फिच, जॉन न्यूबरी व त्यांचे दोघे सोबती अशा चार इंग्रजांस पोर्तुगीजांनी हेर समजून होर्मुझ बंदरात पकडले आणि गोव्यास आणून तुरुंगात टाकले. परक्या देशात आपल्या भाषेचा माणूस भेटावा, तसा त्यांना स्टीफन्स भेटला. त्याच्या खटपटीमुळे ते जामिनावर सुटले. त्यांच्यापैकी एक चितारी होता, तो गोव्यातच राहिला. बाकीचे तिघे १५८४ साली संधी साधून निसटले, घाट चढून आदिलशाहीत शिरले, आणि त्यांना लागलेले पहिले मोठे गाव म्हणजे आपले बेळगाव. येथे हिरे, माणके, नीलमणी यांचा मोठा बाजार भरतो, असे फिचने आपल्या प्रवासवर्णनात नमूद करून ठेवले आहे. तेथून तो विजापूर, गोवळकोंडे, अकबराची फत्तेपूर शिक्री, बंगाल, पेगू असे फिरून १५९१ मध्ये लंडनला परतला. १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तेव्हा तिने त्याचा सल्ला घेतला. पुढे १८१८ मध्ये त्याच कंपनीने बेळगावचा किल्ला घेतला! इतिहासाचे धागे असे कोठून कोठे जातात पाहा.

स्टीफन्सचे खरे कार्य मात्र भाषेच्या क्षेत्रातले आहे. गोव्यातील बोलीस पोर्तुगीज लोक 'कानारीं' म्हणत. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या वाचकांचा या नावाने घोटाळा होईल, म्हणून येथेच सांगितले पाहिजे, की ही 'कानारीं' म्हणजे कानडी नव्हे, ती कोंकणी होय. किनारपट्टीच्या लोकांस एकदा चिकटवलेले नाव पोर्तुगीजांनी त्यांच्या भाषेसही चिकटवून दिले, इतकेच. ही बोली स्टीफन्स शिकला आणि तिच्याबरोबर ग्रंथांची मराठीही शिकला. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात, या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, असे निरीक्षण त्याने नोंदविले आहे. कलकत्त्यात विल्यम जोन्सने हाच विचार १७८६ साली जगापुढे मांडला व त्यातून भाषाशास्त्र जन्मास आले. त्याच्याही दोनशे वर्षे आधी तो सासष्टीतल्या एका पाद्र्यास सुचला होता. त्याने कोंकणीचे जे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मागे, दियोगु रिबेरु या पाद्र्याने भर घातल्यावर, १६४० साली रायतूर येथे छापले गेले. कोणत्याही भारतीय भाषेचे छापून प्रसिद्ध झालेले हे पहिले व्याकरण होय. फिलिपाईन्समध्ये टागालोग भाषेचे व्याकरण त्याआधी तीस वर्षे, १६१० साली छापून झाले होते. ते लिहिले डोमिनिकन पाद्री ब्लांकास दे सान होसे यांनी आणि छापले तोमास पिनपिन या फिलिपिनो मुद्रकाने. दोन्हीकडे व्याकरणे लिहिण्याचा हेतू एकच होता. नव्या येणाऱ्या पाद्र्यास लोकांचे पापनिवेदन ऐकता यावे आणि त्यांना उपदेश करता यावा.

परंतु स्टीफन्स व्याकरणापाशी थांबला नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. पूर्वी त्यांच्या घरी पुराणे वाचली जात, कीर्तने होत, सणावारी कथा ऐकावयास मिळत. आता ते सारे बंद झाले आणि त्याच्या जागी प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाची लहानशी पुस्तिका तेवढी आली. मनुष्याचे मन एवढ्यावर भागत नाही. जुनी पुराणे काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे एखादे पुराण द्या, अशी मागणी होऊ लागल्याचे स्टीफन्सनेच आपल्या ग्रंथात सांगितले आहे. या मागणीस उत्तर म्हणून त्याने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र आहे. दोहोंचे मिळून ९५ अध्याय असून त्यांस त्याने 'अवस्वरु' असे नाव दिले आहे. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास भरते. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामाचा पसारा कळून येईल. तोही एका परक्याने, मध्यम वयात शिकलेल्या भाषेत उभा केलेला!

ओवी हा छंद त्याने निवडला, यात त्याची पारख दिसते. तो गोव्यात उतरला तेव्हा पैठणास एकनाथमहाराज हयात होते. नाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण १५८४ साली पुरे केले आणि १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. म्हणजे गोदातीरी जी ओवी गाजत होती, तिचाच घोष सासष्टीच्या चर्चमधून उठू लागला. शब्दही त्याने घरचेच घेतले. त्याच्या ग्रंथात स्वर्ग म्हणजे 'वैकुंठ' आहे आणि ईश्वर म्हणजे 'परमेश्वर'. रचना पुराणिकाच्या थाटाची आहे. श्रोता प्रश्न करतो, वक्ता शंकेचे निरसन करतो, उपमांच्या माळा लागतात. भाषेविषयीचे आपले धोरण त्याने उघड सांगितले आहे. ईश्वरविषयक गोष्टी सांगावयास मराठीच योग्य, परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळत नाही, म्हणून तिच्यात ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत, असा त्याचा आशय आहे. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या तर मराठी शाळांतून अनेक पिढ्यांनी पाठ केल्या. पुष्कळांस त्या ओव्या ठाऊक असतात, पण ज्या ग्रंथात त्या आल्या तो ग्रंथ कशासाठी लिहिला गेला, हे ठाऊक नसते.

येथे एक विरोध लक्षात घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. देवळे पाडणारी सत्ता आणि पुराण रचणारा पाद्री एकाच व्यवस्थेतले होते. स्टीफन्सने जी पोकळी भरून काढली, ती त्याच्याच धर्मबांधवांनी निर्माण केली होती. तो लोकांच्या जुन्या देवांविषयी आदराने बोलत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही त्या काळास धरून होणार नाही. पण या लोकांची भाषा हलकी आहे, ती सोडून त्यांनी पोर्तुगीज बोलावे, असे त्याच्या मनातही आले नाही. त्याच्यामागून आलेल्या फ्रेंच पाद्री एतिएन द ला क्र्वा याने सेंट पीटरच्या चरित्रावर असेच मोठे मराठी पुराण रचले व ते छापविले. आंतोनियु द साल्दांज याने सेंट अँथनीवर लिहिले, आणि मिगेल द आल्मेदा याचा गद्य ग्रंथ सतराव्या शतकाच्या मध्यास निघाला. अशी एक परंपराच उभी राहिली.

ख्रिस्तपुराण पहिल्यांदा १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. छापखाना भारतात प्रथम आला तो १५५६ साली. तो खरे पाहता हबसाणात जावयाचा होता, पण वाटेत गोव्यास अडकला आणि तेथील सेंट पॉल कॉलेजात बसविला गेला. मात्र त्याच्यापाशी खिळे होते ते रोमी अक्षरांचे. मराठी ओव्या रोमी लिपीत छापण्याचे दुःख स्टीफन्सला होते, असे त्याच्या खटपटीवरून दिसते. १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात त्याने या देशाच्या लिपीत पुस्तक छापण्याची परवानगी मागितली. जोडाक्षरे धरून सहाशेपर्यंत साचे लागतील ही अडचण होती, तर त्यांची संख्या दोनशेवर आणता येईल, असा उपायही त्याने सुचविला. आमच्या छापखान्यांतील जुळारी बंधूंना या हिशेबाचे मर्म लगेच कळेल. ती योजना सिद्धीस गेली नाही. मराठी पुस्तकास देवनागरी खिळे मिळाले ते त्यानंतर दोन शतकांनी, १८०५ साली, बंगालातील सेरामपूर येथे विल्यम कॅरीच्या मराठी व्याकरणात. या बाबतीत मनिलाचे पाद्री पुढे होते. तेथे १५९३ साली लाकडी ठशांवर जे धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले, त्यात टागालोग मजकूर रोमी अक्षरांबरोबरच तेथील 'बायबायिन' या देशी लिपीतही आहे. दैव असे, की ती लिपी पुढे तेथे व्यवहारातून गेली. आपली देवनागरी छापखान्यात उशिरा आली, पण टिकली.

पुढे दोन्ही देशांत वाटा फुटल्या. गोव्यात २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास लागावे. तीन वर्षांत भाषा बदलण्याचा हा हुकूम कागदावर राहिला हे सांगावयास नकोच. घरांत, शेतांत व बाजारांत कोंकणीच चालू राहिली. पण ग्रंथरचनेची परंपरा आटली. १७५९ साली पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांनाच आपल्या राज्यातून हाकलून दिले आणि जी थोडी जाणती माणसे उरली होती, तीही गेली. फिलिपाईन्समध्ये उलट प्रकार झाला. तेथील पाद्र्यांना लोकांनी स्पॅनिश शिकावे, असे राजाज्ञा आल्या तरी वाटत नव्हते. आपणच लोकांची भाषा जाणणारे, आपणच सरकार व रयत यांच्यातील दुवा, या स्थितीत त्यांचे महत्त्व होते. परिणाम असा, की स्पेनचे राज्य १८९८ मध्ये संपले तेव्हा स्पॅनिश बोलणारे फिलिपिनो मूठभरच होते आणि टागालोग, सेबुआनो, इलोकानो या भाषा शाबूत राहिल्या. १७०४ साली गास्पार आकिनो दे बेलेन या टागालोग गृहस्थाने ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवर पद्यकथा रचली. तशा कथा पवित्र सप्ताहात घरोघर बसून गाण्याचा रिवाज तेथे आजही आहे. आपल्याकडील हरिविजयाच्या वाचनाची आठवण व्हावी, असाच तो प्रकार आहे.

भाषेपेक्षाही कठीण प्रश्न होता, तो पाद्री कोणी व्हावे हा. आपल्या देशातील मनुष्य शिकून तयार झाला, तरी त्याला मोठ्या जागा द्यावयास गोऱ्या पाद्र्यांचे मन घेईना. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रु हा ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती तरुण. गोव्यात आपल्याला दीक्षा मिळत नाही असे पाहून तो रोमला गेला. तेथे तो पाद्री झाला, आणि १६३७ साली थेट बिशप! पोर्तुगीज हद्दीत त्यास काम करू देणे शक्यच नव्हते, म्हणून रोमने त्याला आदिलशहाच्या मुलखाचा धर्मप्रतिनिधी नेमले. त्या काळी बेळगावही त्याच मुलखात होते. त्याने डिचोलीस आपले ठाणे केले. गोव्याचे अधिकारी त्याला शत्रू मानीत, आणि त्यानेही त्यांच्यावर टीका करावयाचे काही बाकी ठेवले नाही. १७८७ साली तर गोव्यात देशी पाद्र्यांनी व इतरांनी मिळून पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा कट केला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्यास 'पिंटोंचा कट' म्हणतात. लायकी असून वरच्या जागा मिळत नाहीत, हे त्याचे एक मूळ कारण होते. कट फुटला आणि पुढील वर्षी पंधरा जणांस फासावर चढविण्यात आले. पाद्र्यांस लिस्बनच्या तुरुंगात नेऊन टाकले.

फिलिपाईन्समध्ये हाच प्रश्न १८७२ साली पेटला. गोमेस, बुर्गोस व सामोरा हे तीन देशी पाद्री तेथे देशी धर्मगुरूंच्या हक्कांसाठी आवाज उठवीत होते. काविते येथील शिपायांच्या बंडाशी त्यांचा संबंध जोडण्यात आला आणि १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलात उघड्या मैदानावर त्यांना गळे आवळून ठार करण्यात आले. त्या वेळी होसे रिझाल हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याने पुढे १८८७ मध्ये 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी लिहून पाद्र्यांच्या जुलमाचे चित्र जगापुढे मांडले आणि १८९१ मधील आपली दुसरी कादंबरी या तीन पाद्र्यांस अर्पण केली. ३० डिसेंबर १८९६ रोजी त्यालाही गोळ्या घालण्यात आल्या. पाद्र्यांनी त्या देशास व्याकरणे दिली, शाळा दिल्या, १६११ साली सांतो तोमास विद्यापीठ दिले. त्याच पाद्र्यांच्या मठांकडे मनिलाभोवतीच्या मोठमोठ्या शेतजमिनी गेल्या आणि खंड भरता भरता कुळे मेटाकुटीस आली. रिझालचे घराणेही अशा जमिनीचे कूळ होते. जमिनीच्या खंडाचे दुखणे आपल्या शेतकरी वाचकांस अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

ओघाने एक गोष्ट येथे सांगतो. निपाणीच्या पेठेचे नाव ज्या तंबाखूने गाजविले, ते झाडही मूळचे अमेरिकेचे असून दख्खनेत पोर्तुगीजांमार्फतच आले. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या मोगल सरदाराने विजापुरास तंबाखू प्रथम पाहिली आणि ती नेऊन अकबरास नजर केली. फिलिपाईन्समध्ये तेच झाड स्पॅनिशांनी नेले आणि १७८२ पासून शंभर वर्षे तेथे तंबाखूचा सरकारी मक्ता चालला. ठरलेल्या जमिनीत तंबाखूच लावावयाची आणि ती सरकारलाच विकावयाची, असा तो कायदा होता.

आमच्या बेळगावात कॅथलिक वस्ती वाढली ती इंग्रजी छावणीबरोबर. कॅम्पातील जेझुइटांचे सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ साली निघाले. गोव्यातील पहिला छापखाना ज्या कॉलेजात होता, त्याचेही नाव सेंट पॉलच. धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने मात्र या भागाचा बराच मुलूख स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपकडे होता. म्हणजे देश स्वतंत्र झाला, पण येथील ख्रिस्ती लोकांचे धर्मपीठ पोर्तुगीज हद्दीत! भारतातील चर्चवरील पोर्तुगालचे जुने विशेषाधिकार १९५० मध्ये कराराने संपले, १९ सप्टेंबर १९५३ रोजी बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि मायकेल रॉड्रिग्ज त्याचे पहिले बिशप झाले. गोवा त्यानंतर आठ वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला.

ख्रिस्तपुराणाचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. गोव्यातून दक्षिणेस मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर त्याच्या हस्तलिखित नकला नेल्या आणि पिढ्यानुपिढ्या त्या वाचल्या. त्यांवरूनच १९०७ साली जोसेफ साल्दान्हा यांनी मंगळुरास रोमी लिपीत ग्रंथ पुन्हा छापला. पुढे लंडनमध्ये विल्यम मार्सडेनच्या संग्रहात त्याची एक देवनागरी प्रत आढळली. तिच्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द आहेत, त्यामुळे मूळ पाठ कोणता यावर पंडितांत वाद आहे. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत प्रसिद्ध केला आणि १९९६ मध्ये कारिदाद द्राग यांची आवृत्ती आली. गोव्याच्या छापखान्यांचा इतिहास अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ मध्ये लिहिला, तो जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. ज्या वसईतून गोन्सालो निघाला, तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी संपूर्ण बायबल 'सुबोध बायबल' या नावाने मराठीत आणले. त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ते निवर्तले.

बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक व दूधसागरावरून आगगाडी मडगावास जाते. तेथून रायतूरची टेकडी फार दूर नाही. जुवारी नदीकाठची ती सेमिनरी अजून नांदती आहे, पण ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आजवर कोणाच्या हाती लागलेली नाही. जे उरले ते हातांनी उतरवून घेतलेल्या वह्यांतूनच उरले.